धूर की धूळ? सोलापूरहून उपग्रहचित्रांवर मागोवा घेण्याची क्रमवार पद्धत

आकाश धुरकट दिसले की उपग्रहचित्र उघडायचे, त्यावर एखादा मळकट पट्टा शोधायचा आणि तो सापडताच ‘राजस्थानची धूळ सोलापुरावर आली’ असा निरोप गटागटांत पाठवायचा, हा क्रम सर्रास चालतो आणि तो उलटा आहे. चित्र हा पुराव्याचा एक भाग आहे. त्याच्या आधी वेळ आणि प्रश्न पक्के करावे लागतात आणि त्याच्या नंतर वारा व जमिनीवरची मोजमापे जुळवावी लागतात. हे जुळवले नाही तर मोहोळ तालुक्यात पेटलेल्या उसाच्या फडाचा धूर वाळवंटी धूळ ठरतो, भीमेकाठचे सकाळचे धुके प्रदूषण ठरते आणि अरबी समुद्रावरची सूर्यप्रकाशाची चकाकी धुळीचे वादळ ठरते. बेदाण्याची शेड झाकायची की नाही, मुलांना मैदानावर सोडायचे की नाही, हे ठरवणारी माणसे अशा निरोपांवर विसंबतात, म्हणून येथे प्रत्येक पायरी का आणि कोणत्या क्रमाने करायची, हे तपशिलाने दिले आहे.

## तयारी

संगणक असावा. मोबाइलच्या पडद्यावर फिकट धूर आणि विरळ ढग यांतला फरक कळत नाही. लागणारी सर्व साधने मोफत आहेत. नासाचे ‘वर्ल्डव्ह्यू’ रोजच्या चित्रांसाठी आणि ‘फर्म्स’ आगीच्या ठिपक्यांसाठी वापरावे. युरोपचे ‘कोपर्निकस ब्राउझर’ सेंटिनेल उपग्रहांसाठी आणि ‘यूमेटव्ह्यू’ मेटिओसॅटसाठी आहे. इन्सॅटची चित्रे भारतीय हवामान विभागाच्या उपग्रह पानावर आणि अहमदाबादच्या ‘मोसडॅक’वर मिळतात. वाऱ्याच्या मागोव्यासाठी अमेरिकेच्या नोआ संस्थेचे ‘हायस्प्लिट’ आहे. जमिनीवरच्या आकड्यांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संकेतस्थळ पाहावे.

एक वही किंवा तक्ता ठेवावा. त्यात तारीख, भारतीय वेळ, जागतिक वेळ, उपग्रहाचे नाव, थराचे (लेयरचे) नाव आणि काय दिसले, असे रकाने असावेत. सोलापूर शहराचे अक्षांश १७.६६ उत्तर आणि रेखांश ७५.९१ पूर्व हे पहिल्याच पानावर लिहून ठेवावेत, कारण प्रत्येक साधनात ते पुन्हा पुन्हा भरावे लागतात.

## पायरी १ : प्रश्न एका वाक्यात लिहावा

‘आज हवा खराब का आहे?’ हा प्रश्न उपग्रहाला विचारता येत नाही. ‘१२ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास उत्तर सोलापूर तालुक्यावर दिसणारा धुरकटपणा पश्चिमेकडच्या आगींतून आला काय?’ हा प्रश्न विचारता येतो, कारण त्यात जागा, वेळ आणि तपासता येईल असा दावा आहे. शक्यतो दोन परस्परविरोधी शक्यता लिहाव्यात. एकच शक्यता मनात ठेवून चित्र पाहिले की तीच दिसू लागते.

ऋतूही येथेच लिहावा. ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च हा गळीत हंगाम असतो आणि तेव्हा फड व पाचट पेटवण्याचा धूर संभवतो. डिसेंबर-जानेवारीत उजनीच्या पाणफुगवट्याच्या आणि भीमेच्या काठाने सकाळी धुके असते. फेब्रुवारीपासून सह्याद्रीच्या डोंगरांवर वणवे लागतात. मार्च ते मे हा धुळीचा काळ असतो. जून ते सप्टेंबर बहुतेक दिवस ढगच दिसतील. त्या काळात अरबस्तानातून समुद्र ओलांडून धूळ येत असली तरी साध्या चित्रात ती सापडणे कठीण असते.

## पायरी २ : घड्याळ जुळवावे

सर्वाधिक चुका येथे होतात आणि त्या पुढच्या प्रत्येक पायरीत झिरपतात.

वर्ल्डव्ह्यू आणि फर्म्स दोन्ही जागतिक समन्वित वेळेवर (यूटीसी) चालतात. भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. शिवाय उपग्रहाची वेळ ‘स्थानिक सौर वेळ’ म्हणून दिलेली असते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते आणि सोलापूर त्याच्या सुमारे साडेसहा अंश पश्चिमेला आहे. प्रत्येक अंशाला चार मिनिटे या हिशेबाने सोलापूरची सौर वेळ घड्याळाच्या सुमारे २६ मिनिटे मागे राहते. म्हणजे सुओमी एनपीपी किंवा नोआ-२० हा उपग्रह दुपारी दीडला जातो असे लिहिले असेल, तर सोलापूरच्या घड्याळात ते साधारण एक वाजून छप्पन्न मिनिटे आणि जागतिक वेळेत आठ वाजून सव्वीस मिनिटे होतात. प्रत्यक्षात उपग्रह त्या दिवशी डोक्यावरून गेला की बाजूने, यानुसार ही वेळ आणखी अर्धा-पाऊण तास मागेपुढे होते.

रात्रीच्या फेरीत तारीखच बदलते. मंगळवारी पहाटे दोनच्या सुमारास टिपलेली आग जागतिक वेळेनुसार सोमवारच्या २० वाजून काही मिनिटांची ठरते, म्हणून तो ठिपका सोमवारच्या तारखेखाली सापडतो. ‘मंगळवारी रात्री आग नव्हतीच’ असा निष्कर्ष निघतो तो बहुधा यामुळे.

टेरा उपग्रह मुळात सकाळी साडेदहाचा आणि ॲक्वा दुपारी दीडचा होता. दोघेही दोन दशकांहून अधिक जुने असून त्यांच्या कक्षा सरकत चालल्या आहेत, त्यामुळे त्या ठरावीक वेळा आज तंतोतंत धरू नयेत. रोजच्या कामासाठी सुओमी एनपीपी, नोआ-२० किंवा नोआ-२१ यांवरील ‘व्हिअर्स’ संवेदकाचे चित्र घ्यावे. एका फेरीत तो टिपतो तो पट्टा सुमारे ३,००० किलोमीटर रुंद असल्याने दोन फेऱ्यांमध्ये फट राहत नाही. टेरा-ॲक्वावरील ‘मोडिस’ संवेदकाच्या पट्ट्यांमध्ये आपल्या अक्षांशावर कधीकधी काळी फट राहते आणि सोलापूर नेमके तिच्यात येऊ शकते.

तपासणी : तक्त्यात भारतीय आणि जागतिक अशा दोन्ही वेळा भरल्या आहेत काय? नसतील तर पुढे जाऊ नये.

## पायरी ३ : आधी स्वच्छ दिवस पाहावा

त्याच ऋतूतील, शक्यतो मागच्या आठ-दहा दिवसांतील निरभ्र दिवसाचे चित्र शोधावे आणि वर्ल्डव्ह्यूच्या तुलना-सोयीने दोन्ही तारखा शेजारी ठेवून मधली रेघ सरकवावी. उजनीचे पाणी, एकरूख तलाव, भीमा आणि सीना यांची वळणे स्वच्छ दिवशी किती ठळक दिसतात हे डोळ्यांत बसले पाहिजे. धूर किंवा धूळ वर असली की प्रथम याच गडद कडा फिक्या पडतात. आपल्याकडे जमिनीचा रंगही फसवतो. मंगळवेढ्याची काळी रानं गडद दिसतात आणि मुरमाड माळ उजळ दिसतो, म्हणून उजळ डाग दिसला की ‘धूळ’ म्हणण्याआधी तो स्वच्छ दिवशीही तेथेच होता का, हे पाहावे.

## पायरी ४ : नैसर्गिक रंगाचे चित्र वाचावे

वर्ल्डव्ह्यूत व्हिअर्सचा ‘करेक्टेड रिफ्लेक्टन्स, ट्रू कलर’ हा थर लावावा. प्रथम पूर्ण पश्चिम भारत आणि अरबी समुद्र दिसेल इतके दूर जावे, मग महाराष्ट्र आणि शेवटी जिल्हा. थेट शहरावर झूम करणारा माणूस पट्ट्याचे मूळ पाहतच नाही.

रंगापेक्षा आकार आणि पोत यांवर भर द्यावा. धुराचा लोट एका बिंदूपासून निघतो, वाऱ्याच्या दिशेने रुंदावत जातो आणि त्याचा रंग निळसर करडा असतो. धूळ तपकिरी किंवा पिवळसर असते. तिचे मूळ विस्तीर्ण असते किंवा एकमेकांना समांतर अनेक रेघांनी ती उठते. धुके पांढरे आणि गुळगुळीत दिसते, त्याची कड तीक्ष्ण असते आणि ते नदीखोऱ्याच्या सखल भागाला धरून असते. विरळ उंच ढगांना तंतुमय पोत असतो आणि त्यांखालून जमिनीच्या कडा अधूनमधून स्पष्ट दिसतात. शहरी व प्रादेशिक धुरक्याला मात्र स्पष्ट कडच नसते. ते सगळीकडे सारखे पसरलेले असते आणि त्याचे मूळ एकट्या चित्रावरून सांगता येत नाही.

सकाळी दाट वाटलेला पडदा दुपारी दोनच्या चित्रात पूर्ण नाहीसा झाला असेल, तर ते बहुधा धुके होते. धूळ अशी तीन-चार तासांत विरघळत नाही, ती सरकते. म्हणून ती कोठे तरी पुढे सापडली पाहिजे.

इशारा : एप्रिल ते ऑगस्टच्या चित्रांत अरबी समुद्रावर उभा राखाडी-चंदेरी पट्टा दिसतो. तो पाण्यावरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश असतो. शेजारच्या फेरीच्या चित्रात किंवा दुसऱ्या दिवशी तो जागा बदलतो आणि वाऱ्याशी त्याचा काही संबंध नसतो. कोकण किनाऱ्यावर तो रेघ ओढल्यासारखा थांबला, तर शंका घ्यावी, कारण धूळ किनारा ओळखत नाही.

इशारा : एप्रिल-मे महिन्यांत दख्खनची जमीन कोरडी आणि उजळ झालेली असते, त्यामुळे पातळ धूळ नैसर्गिक रंगात जवळजवळ दिसत नाही. ‘चित्रात दिसली नाही’ याचा अर्थ ‘नव्हती’ असा घेऊ नये. पायरी ६ होईपर्यंत रकाना रिकामा ठेवावा.

## पायरी ५ : आगीचे ठिपके मांडावे आणि त्यांवर अति विश्वास ठेवू नये

फर्म्समध्ये किंवा वर्ल्डव्ह्यूच्या ‘फायर्स अँड थर्मल अनॉमलीज’ थरात लाल ठिपके दिसतात. उपग्रह गेल्यानंतर साधारण तीन तासांत ते उपलब्ध होतात. ठिपका म्हणजे आगीची जागा नव्हे. ज्या चौकोनात उपग्रहाला जास्त उष्णता जाणवली त्याचा तो मध्य आहे. व्हिअर्सचा चौकोन ३७५ मीटरचा असतो, म्हणजे सुमारे १४ हेक्टर किंवा ३५ एकर. मोडिसचा १ किलोमीटरचा, म्हणजे जवळपास २५० एकर. पट्ट्याच्या कडेला हे चौकोन आणखी पसरतात.

माळशिरस किंवा पंढरपूर भागात ३५ एकरांत कितीतरी शेतकऱ्यांची रानं असतात आणि पेटलेला फड एखाद्या एकराचा असू शकतो. ठिपक्यावर झूम करून गट क्रमांक शोधणे आणि कोणा शेतकऱ्याचे नाव घेणे हा त्या माहितीचा सरळ गैरवापर आहे. फर्म्सचा ठिपका गावाच्या पातळीपर्यंत सांगावा आणि त्याखाली उतरू नये.

उलट बाजूची चूक अधिक मोठी आहे. फड पेटवला की आग झपाट्याने पसरते आणि थोड्या वेळात विझते. तोडणीच्या सोयीने तो पुष्कळदा संध्याकाळी पेटवतात. उपग्रह दुपारी दोनला आणि पहाटे दोनला जातात. मधल्या वेळेत पेटून विझलेली आग त्यांना कधीच दिसत नाही. म्हणून गच्चीवर उसाच्या पाल्याची काळी राख पडली आहे आणि फर्म्स रिकामे आहे, यात काहीच विसंगती नाही. ठिपक्यांची संख्या मोजून ‘यंदा पाचट जाळणे कमी झाले’ असे म्हणण्यापूर्वी ढगाळ दिवस आणि आगीच्या वेळा यांचा विचार करावाच लागतो.

ठिपक्यावर टिचकी मारल्यावर दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली विश्वासपातळी. व्हिअर्समध्ये ती कमी, सर्वसाधारण आणि जास्त अशी शब्दांत असते, मोडिसमध्ये ० ते १०० अशी. दिवसाचे कमी पातळीचे ठिपके अनेकदा सूर्यप्रकाशाच्या चकाकीमुळे येतात, विशेषतः मोठी पत्र्याची छपरे, सौरपट्ट्यांची क्षेत्रे किंवा पाण्याचे काठ जवळ असतील तर. दुसरी गोष्ट म्हणजे मेगावॅटमध्ये दिलेली आगीची उष्णताशक्ती. मोठ्या वणव्यात ती बरीच जास्त असते आणि शेतातल्या आगीत थोडी. पण एका ठिपक्याच्या आकड्यावरून धुराचे प्रमाण काढू नये.

तपासणी : एकाच जागी वर्षभर, पावसाळ्यातही, ठिपका उमटत असेल तर ती आग नसून भट्टी किंवा कारखान्याचा उष्ण भाग आहे. फर्म्समध्ये मागील वर्षाच्या चार वेगवेगळ्या महिन्यांच्या तारखा लावून हे पाच मिनिटांत कळते.

जळालेले क्षेत्र खरोखर पाहायचे असल्यास कोपर्निकस ब्राउझरमध्ये सेंटिनेल-२ चे चित्र घ्यावे. त्यात १० मीटरपर्यंतचा तपशील दिसतो आणि साधारण पाच दिवसांनी एक चित्र मिळते. लघुतरंग अवरक्त पट्ट्यांचा मेळ निवडला की जळालेली जमीन आणि चालू आग उठून दिसते. येथे सोलापूरची खास अडचण आहे. नुकतीच नांगरलेली काळी जमीन आणि जळालेला फड हे दोन्ही गडद, आखीव आणि बांधाला धरून दिसतात. आग लागण्यापूर्वीचे आणि नंतरचे चित्र शेजारी ठेवल्याशिवाय निर्णय करू नये, आणि तरीही खात्री नसेल तर रानात जाऊन पाहणे हाच उपाय आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्यासारख्या गवताळ माळरानावर ही अडचण कमी येते, कारण तेथे जळालेल्या भागाची कड वेडीवाकडी असते आणि नांगराची रेघ तशी जात नाही.

## पायरी ६ : कणांचे थर, आणि धूर-धुळीची निवड

आता तीन थर याच क्रमाने लावावेत.

पहिला एरोसोल ऑप्टिकल डेप्थ. हवेच्या पूर्ण उभ्या स्तंभातील कणांनी किती प्रकाश अडवला, याचे हे माप आहे. ०.१ च्या आसपास हवा स्वच्छ असते आणि १ च्या वर गेले की पडदा दाट असतो. हा थर ढगांवर आकडा देत नाही. तेथे रिकामी जागा राहते आणि ती जागा म्हणजे ‘स्वच्छ हवा’ नव्हे.

दुसरा अतिनील एरोसोल निर्देशांक. तो सुओमी एनपीपीवरील ‘ऑम्प्स’ किंवा सेंटिनेल-५पी वरील ‘ट्रोपोमी’ संवेदकाचा घ्यावा. अतिनील किरण शोषणारे कण, म्हणजे धूळ आणि धूर, असतील तर हा आकडा धन होतो. उजळ जमिनीवर आणि काही वेळा ढगांच्या वरही तो चालतो, म्हणून एप्रिल-मेच्या दख्खनसाठी तो फार उपयोगी आहे. मात्र कण जमिनीलगत असतील तर तो त्यांना कमी दाखवतो आणि उंचावर असतील तर ठळक. फडाचा जमिनीलगतचा धूर यात न दिसणे स्वाभाविक आहे.

धूर की धूळ हे निर्देशांकाने ठरत नाही, कारण दोन्हींमुळे तो वाढतो. तेथे तिसरा थर लागतो, ट्रोपोमीचा कार्बन मोनॉक्साइड. ज्वलनातून हा वायू निघतो आणि वाऱ्याने उडालेल्या मातीतून निघत नाही. निर्देशांकाचा पट्टा आणि कार्बन मोनॉक्साइडचा पट्टा एकमेकांवर बसले तर धूर. निर्देशांक वाढलेला असून वायू नेहमीसारखाच असेल तर धूळ. मोठ्या शहरांवर हा वायू वाहनांमुळेही वाढलेला असतो, म्हणून पट्ट्याचा आकार पाहावा, एकट्या शहरावरचा डाग नव्हे. ट्रोपोमीचा चौकोन निर्देशांकासाठी साधारण ५.५ बाय ३.५ किलोमीटरचा आणि कार्बन मोनॉक्साइडसाठी ५.५ बाय ७ किलोमीटरचा आहे. तालुक्यापेक्षा बारीक तपशील त्यातून काढू नये.

इशारा : वेगवेगळ्या थरांच्या रंगपट्ट्या वेगवेगळ्या असतात. एका चित्रातला लाल आणि दुसऱ्यातला लाल यांची तुलना करू नये. आकडे वाचावेत आणि तेच तक्त्यात भरावेत.

## पायरी ७ : हालचाल पाहावी

आतापर्यंतची चित्रे दिवसातून एक-दोनदाच मिळतात. पट्टा कोठून कोठे सरकला हे भूस्थिर, म्हणजे सतत एकाच भागावर नजर ठेवणाऱ्या, उपग्रहांवरून कळते. इन्सॅट-३डीआर आणि इन्सॅट-३डीएस यांची अर्ध्या तासाच्या अंतराने घेतलेली चित्रे सकाळी आठपासून क्रमाने पाहावीत. दृश्यप्रकाशाचे चित्र सकाळी आणि संध्याकाळी अधिक उपयोगी पडते, कारण तिरप्या उन्हात धूळ व धूर उजळून दिसतात. भर दुपारी तोच पडदा फिका वाटतो. यामुळे ‘दुपारी धूळ कमी झाली’ असा भास होतो.

धुळीसाठी खास रंगमेळ मेटिओसॅटवर मिळतो. हिंदी महासागरासाठीचा हा उपग्रह ४५.५ अंश पूर्वेला आहे आणि दर १५ मिनिटांनी चित्र देतो. यूमेटव्ह्यूत ‘डस्ट आरजीबी’ थर निवडला की धूळ गुलाबी-किरमिजी दिसते, तीही रात्रंदिवस, कारण हा मेळ उष्णतेच्या किरणांवर बनतो. त्यासाठी ८.७ मायक्रॉनची पट्टी लागते आणि ती इन्सॅटच्या इमेजरमध्ये नाही, म्हणून हा थर मेटिओसॅटवर पाहायचा. हवेत दमटपणा जास्त असेल तर गुलाबी रंग मंदावतो, आणि वर जाड ढग असतील तर खालचे काहीच दिसत नाही. फडाच्या किंवा वणव्याच्या धुरासाठी हा थर निरुपयोगी आहे.

वळवाच्या पावसाआधी जी धुळीची भिंत उठते ती या साऱ्यातून निसटते. ती काही किलोमीटरची असते, वादळी ढगाच्या पंखाखाली असते आणि तासाभरात संपते. तिच्यासाठी हवामान विभागाची रडार-चित्रे आणि तात्काळ इशारे हेच पाहावेत.

## पायरी ८ : वारा मागे धरून न्यावा

हायस्प्लिटमध्ये ‘बॅकवर्ड’ दिशा निवडून सोलापूरचे अक्षांश-रेखांश भरावेत. पायरी २ मधली जागतिक वेळ, ७२ तासांचा कालावधी आणि १००, ५०० व १५०० मीटर अशा तीन उंची द्याव्यात. या उंची जमिनीपासून मोजलेल्या असतात. तिन्ही रेघा एकाच दिशेने गेल्या तर त्या दिशेवर काही विश्वास ठेवता येतो. खालची रेघ कर्नाटकातून आणि वरची गुजरातेतून आली, तर आधी कण कोणत्या उंचीवर आहेत हे ठरवावे लागते.

वाऱ्याचे नकाशे दाबपातळीवर पाहणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून अधिक उंचीवर आहे, त्यामुळे १००० हेक्टोपास्कलची पातळी येथे जमिनीच्या खाली जाते. प्रतिमान तेथेही बाण काढते, पण त्याला अर्थ नाही. ९२५ ची पातळी जमिनीपासून काहीशे मीटरवर आणि ८५० ची सुमारे एक किलोमीटरवर येते. या दोन वाचाव्यात.

रेघेच्या टोकाला अचूक गाव शोधू नये. प्रवासाच्या अंतराच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकी चूक सहज संभवते, म्हणजे हजार किलोमीटर मागे गेल्यावर दोनशे किलोमीटरचा घोळ. रेघ ज्या प्रदेशावरून गेली तेथे त्या तासांत आगीचे ठिपके होते काय, किंवा धुळीचा पट्टा होता काय, एवढेच तपासावे. रेघ आगीवरून गेली पण एक दिवस आधी, आग लागण्यापूर्वीच, असे अनेकदा निघते आणि तेथे तो दावा संपतो.

## पायरी ९ : जमिनीवर उतरावे

उपग्रह वरून पूर्ण स्तंभ पाहतो. आपण श्वास घेतो ती हवा त्या स्तंभाचा तळ आहे. दोन-तीन किलोमीटर उंचीवरून गेलेली अरबस्तानची धूळ चित्रात ठळक दिसेल आणि सात रस्त्यावरच्या माणसाच्या नाकापर्यंत येणारही नाही. जमिनीवरची नोंद वाढलेली दिसल्याशिवाय ‘सोलापूरची हवा बिघडली’ असे लिहू नये.

शहरातील स्वयंचलित केंद्राचे पीएम १० आणि पीएम २.५ (हवेतील अनुक्रमे १० व २.५ मायक्रॉनपर्यंतचे कण) हे आकडे तासागणिक घ्यावेत. हवा गुणवत्ता निर्देशांक घेऊ नये, कारण तो २४ तासांच्या सरासरीवर काढतात आणि दुपारी आलेला लोट त्यात रात्रीपर्यंत विरून जातो. धूळ आली की पीएम १० झपाट्याने वाढते आणि पीएम २.५ त्या मानाने कमी, म्हणून पीएम २.५ भागिले पीएम १० हे गुणोत्तर खाली येते. धूर आला की गुणोत्तर वर जाते, कारण धुराचे कण बारीक असतात. गुणोत्तर एका तासाचे पाहू नये; आदल्या तीन-चार दिवसांच्या त्याच तासांशी तुलना करावी. केंद्राजवळ रस्त्याचे काम निघाले असेल तरी पीएम १० असेच चढते. वाढ वाऱ्याच्या मागोव्याशी जुळत नसेल, तर कारण जवळपासच शोधावे.

आपली निरीक्षणेही येथे नोंदवावीत. पांढरे फडके किंवा स्टीलचे ताट रात्रभर गच्चीवर ठेवल्यास सकाळी त्यावर तपकिरी भुकटी आहे, काळे हलके तुकडे आहेत की नुसते दव, हे दिसते. काळे तुकडे चिमटीत चुरडून काजळी निघाली तर पाल्याची राख. असे तुकडे फार दूर जात नाहीत, म्हणजे आग जवळपासच लागली असणार.

## पायरी १० : निष्कर्ष शब्दांत मांडणे

निष्कर्षाला तीनच दर्जे ठेवावेत. चित्र, वारा आणि जमिनीवरची मोजमापे तिन्ही जुळली तर ‘खात्रीने’, दोन जुळली तर ‘बहुधा’, एकच असेल तर ‘शक्यता’. नमुना असा : ‘१२ तारखेला दुपारी सुमारे दोन वाजता, जागतिक वेळ साडेआठ, नोआ-२० च्या चित्रात जिल्ह्याच्या उत्तर भागावर तपकिरी पडदा. अतिनील निर्देशांक वाढलेला, कार्बन मोनॉक्साइड नेहमीसारखा. वारा तिन्ही उंचींवर वायव्येचा. शहरातील पीएम १० आदल्या दिवसांपेक्षा जास्त, गुणोत्तर कमी. खात्रीने धूळ. उगम बहुधा वायव्येकडे, नेमकी जागा निश्चित नाही.’ अशी नोंद कोणालाही पुन्हा तपासता येते. चित्र पाठवायचे असल्यास तारीख, वेळ, उपग्रह आणि थर चित्रावरच लिहावेत, आणि वर्ल्डव्ह्यूचा कायम दुवा सोबत द्यावा. दुव्यात तारीख, जागा आणि थर तसेच राहतात.

## सरावासाठी

या क्रमाचा हात बसण्यासाठी प्रथम निःसंदिग्ध उदाहरणे घ्यावीत. धुरासाठी ६ व ७ जून २०२३ ची कॅनडा-अमेरिकेची चित्रे पाहावीत. क्यूबेकच्या वणव्यांचे ठिपके, त्यांतून निघालेले लोट आणि न्यूयॉर्कवर आलेला पडदा एकाच चौकटीत दिसतो. धुळीसाठी २२ ते २४ जानेवारी २०२२ घ्यावे. तेव्हा पाकिस्तानच्या किनाऱ्याकडून उठलेली धूळ अरबी समुद्र आणि गुजरातवरून खाली आली आणि २३ तारखेला मुंबईचे आकाश धुरकट झाले. या दिवसांत ढगही आहेत, म्हणून ढगाखाली पट्टा कोठे संपतो आणि तो सोलापूरपर्यंत धरता येतो काय, हे पायरी ४, ६ आणि ८ वापरून स्वतः ठरवावे. नंतर गळीत हंगामातील एखादा निरभ्र दिवस घेऊन आपला तालुका करावा. तो सर्वांत अवघड आहे, कारण तेथे आगी लहान, धूर जमिनीलगत आणि पार्श्वभूमी काळी असते.

प्रत्येक नोंद दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडावी. तातडीने आलेली माहिती नंतर सुधारित स्वरूपात येते, रात्रीच्या फेरीच्या ठिपक्यांची भर पडलेली असते आणि केंद्राचे राहून गेलेले तास भरलेले असतात. निष्कर्ष बदलला तर जुने वाक्य खोडू नये. त्याखाली तारीख घालून दुरुस्ती लिहावी आणि पहिली नोंद ज्यांना पाठवली होती, त्या प्रत्येकाला ती दुरुस्तीही पाठवावी.